ध्यास आणि हट्ट

मराठीत ध्यास माणसाला लागतो. हट्ट माणूस धरतो. ‘ध्यास घेतला’ असंही आपण म्हणतो, पण ‘हट्ट लागला’ असं कोणी म्हणत नाही. शिवाय हट्ट दुसऱ्याने पुरवायचा असतो, ध्यास पुरवायला कोणी येत नाही. भाषा इतकी चोख असूनही प्रत्यक्ष माणूस समोर आला की आपला गोंधळ उडतो. जग बदलायला निघालेला एखादा उद्योजक असतो, दहा जण त्याला ‘हे होणार नाही’ म्हणून सांगत असतात, आणि तो जागचा हलत नाही. याला काय म्हणायचं? तो यशस्वी झाला तर आपण ध्यास म्हणतो, आपटला तर हट्ट. म्हणजे बारसं निकाल लागल्यावर. पण पैसा, उमेदीची वर्षं आणि जवळची माणसं पणाला लावायची वेळ निकालाच्या कितीतरी आधी येते. तेव्हा ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. आणि ज्याला आपण व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो, त्याच्याशी या प्रश्नाचा काय संबंध, हाही.

मला फरक दिसतो तो असा, की ध्यास प्रश्नाला चिकटलेला असतो आणि हट्ट आपल्या उत्तराला. दृष्टी गेलेल्यांना दिसू लागलं पाहिजे, गावाला पाणी मिळालं पाहिजे, हा ध्यास. ते माझ्याच यंत्राने, मी आखलेल्याच वाटेने झालं पाहिजे, हा हट्ट. सगळं सुरळीत चालू असेपर्यंत या दोघांत तसूभर फरक दिसत नाही. दोघेही पहाटे उठतात, दोघांच्याही डोळ्यांत तेज असतं, दोघेही घरच्यांना वैताग आणतात. फरक उघडा पडतो तो वाईट बातमी दारात येते तेव्हा.

हट्टाचं उदाहरण म्हटलं की हल्ली सगळे थेरानोस या अमेरिकी कंपनीकडे बोट दाखवतात. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती काढली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर ढीगभर तपासण्या करून देऊ म्हणाल्या. २०१५ मध्ये बिंग फुटलं, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल न्यायालयाने त्यांना सव्वाअकरा वर्षांची शिक्षा सुनावली. हे उदाहरण मला फारसं कामाचं वाटत नाही. तिथे लबाडी होती, आणि लबाडी सापडली की आपण सुटकेचा श्वास सोडतो: आम्ही काही तसे नाही! हट्ट खरा समजतो तो प्रामाणिक माणसांत.

उदाहरणार्थ प्लेपंप. कल्पना अशी की मुलं खेळतात ते गरगर फिरणारं चक्र बोअरवेलला जोडायचं. मुलं खेळतील, पाणी वरच्या टाकीत चढेल, टाकीच्या बाजूंवर जाहिराती लागतील आणि त्या पैशातून देखभाल होईल. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ही कल्पना इतकी गोड होती की तिला नाही म्हणणं जड जावं. २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या समारंभात तिला १ कोटी ६४ लाख डॉलर्सचं पाठबळ जाहीर झालं. २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचे ठरले. काही गावांत तर चालू हापसे काढून त्यांच्या जागी ही चक्रं बसली.

मग बातम्या येऊ लागल्या. नव्याची नवलाई संपल्यावर मुलं खेळेनात. पाणी मात्र रोजच लागतं, त्यामुळे बाया ते जड चक्र हाताने ढकलत बसलेल्या दिसू लागल्या. म्हाताऱ्यांना तर ते झेपेचना. खेड्यात जाहिरात कोण देणार, म्हणून देखभालीचा पैसाही आला नाही. ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने २००९ मध्ये हिशेब मांडला: ठरलेल्या लोकसंख्येला पुरेसं पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावं लागेल. दिवस चोवीस तासांचा आहे, हे कागदावर आधी कोणाच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. पण उत्तर आवडलं की त्याची बेरीज कोणी तपासत नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पैसा लावणाऱ्यांपैकी एका प्रतिष्ठानाने, केस फाउंडेशनने, २०१० मध्ये उघडपणे लिहून टाकलं की आम्ही कमी पडलो. प्रकल्प दुसऱ्या एका संस्थेकडे सोपवला गेला. तिच्याकडे पाणी पोचवण्याचे इतर बरेच मार्ग होते आणि हे चक्र त्यांतला फक्त एक. जिथे मोठी शाळा आहे, मुलं आहेत, पाणी फार खोल नाही, तिथे ते चालतंही. हट्टाचा ध्यास पुन्हा होऊ शकतो, फक्त त्यासाठी चारचौघांत मान खाली घालावी लागते.

याच्या उलट प्रवास रे अँडरसन यांचा. त्यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत इंटरफेस नावाची कंपनी सुरू केली. फरशीसारखे चौकोनी तुकडे जोडून अंथरायचे गालिचे. कच्चा माल जवळजवळ सगळा खनिज तेलातून आलेला. वीस वर्षं धंदा उत्तम चालला. १९९४ मध्ये ग्राहक विचारू लागले की पर्यावरणासाठी तुम्ही काय करता? कंपनीतल्या काही जणांनी त्यासाठी गट नेमला आणि मालकांना सांगितलं, आमच्यापुढे तुमची दृष्टी मांडा. साठीचे अँडरसन अडचणीत आले, कारण मांडायला दृष्टीच नव्हती. ‘आपण कायदा पाळतो’ यापलीकडे आपल्याकडे शब्द नव्हते, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. दूरदृष्टीचे उद्योजक म्हणून ज्यांचं नाव जगभर घेतलं जातं, त्यांची सुरुवात ही अशी, कोऱ्या कागदाने.

भाषणाच्या तयारीत व्यापार आणि पर्यावरण यांवरचं एक पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि छातीत भाला घुसावा तसं झालं, असं ते म्हणत. एकवीस वर्षं आपण जे कमावलं ते पृथ्वीला लुटून, असा आरोप त्यांनी स्वतःवरच ठेवला. इथे थोडं थांबावंसं वाटतं. साठ वर्षांचा, यशस्वी, मान मिळवलेला माणूस; त्याला कोणी कोर्टात खेचलेलं नव्हतं, धंदाही बुडत नव्हता. असा माणूस आपल्याच कर्तृत्वाकडे परक्याच्या नजरेने बघतो, हे माझ्या लेखी सगळ्यात अवघड काम. पुढची सगळी तंत्रं आणि यंत्रं त्यामानाने सोपी.

२०२० पर्यंत कंपनीचा पर्यावरणावरचा वाईट परिणाम शून्यावर आणायचा, असं पुढे ठरलं. त्यासाठी अँडरसन यांना मनापासून आवडलेली एक युक्ती होती: गालिचा विकायचाच नाही, भाड्याने द्यायचा. झिजलेले तुकडे आम्ही बदलू, जुने परत नेऊ, त्यांतून नवे करू. कागदावर याहून सुबक काय असणार? पण गिऱ्हाईकच मिळेना. बहुतेक कंपन्यांत गालिचा घ्यायचा पैसा एका खात्यातून निघतो आणि सफाई-देखभालीचा दुसऱ्या, त्यामुळे भाड्याचा हिशेब कोणाच्याच वहीत बसत नव्हता. हट्टी माणसाने इथे जगाला अडाणी ठरवलं असतं. इंटरफेसने भाड्याची कल्पना बाजूला ठेवली आणि जुने गालिचे परत घेण्याचं काम वेगळ्या वाटेने चालू ठेवलं. २००० च्या सुमारास त्यांच्या रचनाकारांनी जंगलातल्या जमिनीकडे बघून एक नवा गालिचा काढला. पाचोळ्यात दोन पानं सारखी नसतात, तसे यातले दोन तुकडे सारखे नव्हते. त्यामुळे कोणताही तुकडा कुठेही बसे, नक्षी जुळवताना होणारी नासाडी टळे, आणि पुढे एखादाच तुकडा बदलला तरी तो वेगळा उठून दिसत नसे. तो मालही खूप खपला.

अँडरसन २०११ मध्ये वारले. त्यानंतर कंपनीने फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरची टाकून दिलेली मासेमारीची जाळी गोळा करून त्यांतलं नायलॉन धाग्यासाठी वापरण्याचा उपक्रम सुरू केला, आणि २०१९ मध्ये ठरलेलं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं. सगळे आकडे अगदी शून्यावर आले नव्हते, हेही खरं. घोषणा हा प्रकारच थोडा सैल असतो. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की जाळ्यांचं काम संस्थापकाच्या माघारी उभं राहिलं. हट्टाला वारस मिळणं कठीण. बालहट्ट आणि राजहट्ट या जुन्या मंडळींत आता संस्थापकहट्टाची भर पडली आहे, आणि तो बहुधा मालकाबरोबरच घरी जातो.

आता एक शंका येईल. प्रत्येक नकार ऐकून मार्ग बदलत बसलं तर नवं काही उभं राहणारच नाही. शंका बरोबर आहे, आणि म्हणूनच डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्याकडे बघायला हवं. संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना ते नेत्रशल्यचिकित्सा शिकले, हजारो शस्त्रक्रिया केल्या. १९७६ मध्ये, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर गरिबांना भिंगाच्या जाड काचांचा चष्मा मिळत असे. डोळ्यात बसवायचं कृत्रिम भिंग फार महाग होतं. गरीब देशांनी त्या भिंगाच्या वाटेला जाऊ नये, असं अनेक तज्ज्ञांचं मत होतं. अरविंदच्या लोकांनी ते मानलं नाही. १९९२ मध्ये त्यांनी भिंगांचा स्वतःचा कारखाना, ऑरोलॅब, सुरू केला आणि किंमत परदेशी भिंगाच्या लहानशा हिश्शावर आणली.

तज्ज्ञांचं न ऐकणं हा हट्ट नव्हे का? माझं उत्तर असं: तज्ज्ञांचा नकार हे मत होतं, आणि त्याच्याविरुद्ध रोज समोर येणारा रुग्ण हा पुरावा होता. चष्मा फुटतो, हरवतो, कडेचं दिसत नाही. ज्याला दृष्टी द्यायची तोच सांगत होता की ही दृष्टी अर्धवट आहे. प्लेपंपच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. वजनदार माणसांची मतं बाजूने होती आणि पाणी भरणारी बाई विरुद्ध. ‘नाही’ कोण म्हणतंय, हे ‘किती जण म्हणतायत’ यापेक्षा जास्त बघावं.

यात व्यक्तिमत्त्व विकासाचा संबंध कुठे येतो? मला तर वाटतं, सगळा तिथेच येतो. फक्त तो शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे. त्या नावाखाली बहुतेक वेळा शिकवला जातो तो आत्मविश्वास: शंका झटका, नकारात्मक माणसांपासून दूर राहा, स्वतःवर विश्वास ठेवा. ही सगळी हट्टाची खतं आहेत. बुजऱ्या माणसाला त्यांचा उपयोग होत असेल, नाही असं नाही. पण ज्याच्या हाती लोकांचा पैसा आणि लोकांची गरज आहे त्याला उलट औषध लागतं.

बॅरी स्टॉ या अमेरिकी संशोधकाने १९७६ मध्ये २४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका काल्पनिक कंपनीच्या दोनपैकी कोणत्या विभागात पैसे घालायचे, हे त्यांना ठरवायला दिलं. काहींनी पहिला निर्णय स्वतः घेतला, काहींना तो कोणीतरी आधीच घेतलेला मिळाला. मग निकाल सांगून पुन्हा पैसे वाटायला लावलं. बुडत्या विभागात सर्वांत जास्त पैसे ओतले ते पहिला निर्णय स्वतः घेतलेल्यांनी. म्हणजे चूक जितकी आपली, तितका तिच्यावर जीव. ही खोड अकलेच्या कमतरतेची नाही. ‘माझं उत्तर चुकलं’ आणि ‘मी चुकीचा आहे’ ही दोन वाक्यं मनात एकमेकांना चिकटलेली असतात, तिथून ती येते. ही वाक्यं सुटी करता येणं, याला मी वाढ म्हणेन.

जेम्स डायसन यांनी बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरचे ५,१२७ नमुने केले, ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण आकडा नीट वाचला तर तो माणूस ५,१२६ वेळा ‘हे जमलं नाही’ म्हणाला आणि दर वेळी काहीतरी बदलून पुढे गेला. हट्टी माणसाने पहिलाच नमुना इतक्या वेळा लोकांना दाखवला असता.

हे दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात, आणि तीच जागा सर्वांत निसरडी. पोलरॉइड या कॅमेरा कंपनीचे एडविन लँड. १९४३ मध्ये त्यांच्या लहान मुलीने विचारलं, काढलेला फोटो लगेच का नाही दिसत? त्या प्रश्नावर ते काम करत राहिले आणि १९४८ मध्ये जागच्या जागी फोटो देणारा कॅमेरा दुकानात आला. तीस वर्षांनी त्याच लँड यांनी जागच्या जागी तयार होणारी फिल्म आणली: अडीच-तीन मिनिटांची, मुकी, पुसून पुन्हा न वापरता येणारी. व्हिडिओ टेप तोवर आलेली होती. लोक आता वेगळंच काही मागत होते, पण लँड यांना आपलं रसायनशास्त्र सोडवेना. १९७९ मध्ये कंपनीला त्यापोटी सहा कोटी डॉलर्सहून अधिक तोटा मांडावा लागला, आणि १९८२ मध्ये ते स्वतःच उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडले. त्यानंतर एका छोट्या संशोधन संस्थेत, रंग डोळ्यांना मुळात कसे दिसतात या आपल्या जुन्या प्रश्नापाशी ते परत जाऊन बसले.