येस शिष्यवृत्ती: अमेरिकेतलं एक वर्ष आणि परतल्यावरचं काम, अर्ज कसा करायचा

दहावीतलं मूल घरी येऊन सांगतं की एक शिष्यवृत्ती आहे, वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत जायचं, तिथल्या एका कुटुंबात राहायचं आणि खर्च अमेरिकी सरकार करणार. आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, 'फसवणूक तर नाही ना?' दुसरा, 'इंग्रजी किती चांगलं लागतं?' तिसरा प्रश्न फार थोड्या घरांत निघतो, आणि माझ्या मते अर्ज तरतो किंवा बुडतो तो त्यावरच: हे मूल परत येऊन काय करणार?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कार्यक्रमाचं पूर्ण नाव केनेडी-लुगार यूथ एक्स्चेंज अँड स्टडी, बोलताना सगळे 'येस' म्हणतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, ज्या देशांत मुस्लिम लोकसंख्या मोठी आहे तिथली आणि अमेरिकेतली किशोरवयीन मुलं एकमेकांना जवळून ओळखू लागावीत, या विचाराने सिनेटर एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगार यांच्या पुढाकारातून २००२ मध्ये तो सुरू झाला. पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा. भारत त्या देशांपैकी एक आहे आणि अर्ज कोणत्याही धर्माच्या मुलामुलींना करता येतो. भारतातली निवड एएफएस इंडिया ही संस्था पाहते. एएफएसचा उगम मोठा रंजक आहे: पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणारे अमेरिकी स्वयंसेवक रुग्णवाहिका चालक, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच संघटनेने सुरू केलेली शाळकरी मुलांची देवाणघेवाण. दरवर्षीची जाहिरात आणि मुदत संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. 'तुमचं काम करून देतो' म्हणत कोणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

शिष्यवृत्तीत जाण्यायेण्याचा प्रवास, व्हिसा, राहणं-जेवण, शाळा, दरमहा थोडा हातखर्च आणि मर्यादित आरोग्य विमा येतो. 'मर्यादित' हा शब्द नीट वाचा. दातांचं दुखणं आणि चष्मा यांचा खर्च अशा विम्यात धरू नका, ती कामं इथेच उरकून जा. पासपोर्टची फी, थंडीचे कपडे आणि स्वतःची खरेदी घरच्यांच्या खिशातून.

पात्रता

शालेय विनिमय विद्यार्थ्याला जे-१ व्हिसा मिळतो. अमेरिकी नियमानुसार त्यासाठी कार्यक्रम सुरू होताना वय किमान १५ आणि जास्तीत जास्त साडेअठरा वर्षं हवं, किंवा बालवाडी सोडून ११ वर्षांपेक्षा जास्त शालेय शिक्षण झालेलं नसावं. येसची जाहिरात मात्र स्वतःची, याहून अरुंद जन्मतारखांची चौकट देते आणि शेवटी तीच पाळावी लागते. तारीख एका दिवसाने हुकली तर मुख्याध्यापकांच्या विनंतीपत्राने काही होत नाही. जाहिरातीत इयत्ताही दिलेली असते. 'यंदा अकरावीत आहे' की 'अकरावी झालेली आहे', हा फरक बारकाईने पाहा.

भारतीय नागरिकत्व लागतं. इथे पुण्या-मुंबईतल्या काही घरांचा गोंधळ उडतो. आईवडील काही वर्षं अमेरिकेत नोकरीला होते, मुलाचा जन्म तिकडचा, कुटुंब आता परत आलेलं. जन्मामुळे अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा द्यायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हा मार्ग त्याच्यासाठी नाही.

दिव्यांग मुलांनी मात्र बिचकू नये. येस त्यांना खुला आहे, आणि निवड झालेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ऑरेगन राज्यातल्या युजीन शहरात मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए या संस्थेतर्फे स्वतंत्र कार्यशाळाही झालेल्या आहेत. अर्जात अपंगत्व लपवू नका, उलट काय सोय लागेल ते स्पष्ट लिहा.

निवडीचे टप्पे साधारण असे: प्राथमिक अर्ज, इंग्रजीची चाचणी, निबंध, गटात करायचं एखादं काम, मुलाखत आणि घरच्यांशी बोलणं. इंग्रजीसाठी एल्टिस नावाची परीक्षा असते. ती ऐकून आणि वाचून समजतं का एवढंच तपासते. मराठी माध्यमाच्या मुलांनी उच्चारांची धास्ती घेऊ नये, ऐकण्याचा सराव करावा.

निबंध आणि परतल्यावरचा प्रकल्प

वर्षभरात शाळा तर असतेच, शिवाय नेतृत्वाचं प्रशिक्षण असतं. निघण्यापूर्वी, पोहोचल्यावर, वर्षाच्या मध्यात आणि परतण्याआधी मार्गदर्शन शिबिरं होतात. तिथल्या गावात सेवेचे तास भरायचे असतात. नोव्हेंबरमधल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताहात शाळांमधून, वाचनालयांमधून आपल्या देशाबद्दल बोलायचं असतं. निबंधस्पर्धेतून निवडलेल्या काही मुलांना वॉशिंग्टनमध्ये 'सिव्हिक एज्युकेशन वीक'ला जायला मिळतं, कायदे कसे होतात आणि नागरिक ते करणाऱ्यांवर दबाव कसा आणतात हे जवळून पाहायला मिळतं. हे सगळं कशासाठी, तर परत आल्यावर मुलाने आपल्या वस्तीत, गावात काहीतरी उभं करावं म्हणून.

आणि मुलांचे निबंध? 'मी भारतात परत येऊन स्वच्छतेबद्दल जनजागृती करीन.' असे दहा निबंध ओळीने वाचले तर अकरावा कोणाचा हे सांगता येत नाही. जनजागृती हा शब्दच काही दिवस बासनात बांधून ठेवावा असं मला वाटतं.

समजा, एखादी मुलगी तालुक्याच्या शाळेत शिकते. दिवाळीनंतर शाळेच्या टाकीला पाणी नसतं, मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं आणि मधल्या सुटीनंतर मुली घरी जातात. तिने दोन महिने आपल्या वर्गाचा दुपारचा पट मोजला, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो आकडा मांडला आणि ग्रामपंचायतीकडून आठवड्याला एक टँकर मिळवला. टँकर मार्चमध्ये बंद पडला. तिने निबंधात हे सगळं लिहावं, बंद पडल्याचंही लिहावं. मग पुढे: तिकडची शाळा पालकांच्या सभा कशा चालवते, स्वयंसेवक टिकवते कसे, हे मला शिकायचं आहे, कारण माझं काम नेमकं तिथे अडलं. अशा निबंधात वर्षभराचं प्रशिक्षण कशासाठी हवं ते आपोआप दिसतं.

लिहिण्याआधी कागदावर काही साध्या गोष्टी उतरवा. अडचण कोणाची आहे आणि त्या लोकांना विचारलंय का? आज कोण काय करतं आहे? परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मी एकटी किंवा एकटा काय करू शकतो? कोणाची परवानगी लागेल? मी बारावीच्या अभ्यासाला बसल्यावर काम कोण पुढे नेईल? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. मुलाखतीत तो विचारला गेला तर बहुतेक मुलं गप्प होतात, म्हणून आधीच विचार करून ठेवा.

मोठ्यांनी निबंध लिहून देऊ नये. मुलाखतीत तो पाचव्या मिनिटाला उघडा पडतो.

कागदपत्रं

इथे सर्वात जास्त वेळ जातो आणि तो बहुधा नावावर जातो. शाळेच्या रजिस्टरमध्ये 'पाटील स्नेहल रमेश', आधारवर 'स्नेहल रमेश पाटील', जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा किंवा घरचं लाडाचं नाव, आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्ही ठिकाणी वेगळं. पासपोर्टच्या अर्जात आडनाव आणि नाव असे दोन स्वतंत्र रकाने असतात. घाईत शाळेचा क्रम उतरवला की 'पाटील स्नेहल' हे नाव आणि 'रमेश' हे आडनाव होऊन बसतं, आणि पुढे व्हिसा, विमान, तिकडची शाळा सगळीकडे मूल 'मिस रमेश' होतं. म्हणून आधी जन्मदाखला महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नावासह करून घ्या, मग आधार त्याच्याशी जुळवा. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर ती दहावीच्या बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी शाळेतूनच दुरुस्त करून घ्या, नंतर तेच काम कितीतरी पटींनी लांबतं.

अर्जासोबत सहसा मागतात ते असं: मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळेचा बोनाफाईड दाखला, शिक्षकांचं शिफारसपत्र, जन्मदाखला, पालकांची संमती आणि जाहिरातीत म्हटलं असेल तर उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतो. त्याची मुदत पाहून घ्या, गेल्या वर्षीचा जुना जोडू नका. शिफारसपत्र ओळखीच्या नगरसेवकाचं आणण्यापेक्षा ज्या शिक्षकांनी मुलाला काम करताना पाहिलंय त्यांचं आणा.

पासपोर्ट अर्ज करतानाच हातात हवा असं नाही, पण निवड झाल्यावर धावपळ होते, म्हणून आधी काढा. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांच्या सहीचं ॲनेक्स्चर डी हे घोषणापत्र लागतं. एका पालकाची संमती मिळू शकत नसेल तर ॲनेक्स्चर सी. १५ ते १८ वयाच्या मुलांना १८ वर्षांपर्यंतचा पासपोर्ट किंवा पूर्ण १० वर्षांचा, असा पर्याय असतो. १० वर्षांचाच घ्या. नाहीतर अमेरिकेत असताना अठरावा वाढदिवस आणि पासपोर्टची अखेर एकाच दिवशी येते.

आणखी एक पत्र कोणी मागत नाही, पण ते असायला हवं: परत आल्यावर कोणत्या वर्गात घेणार याबद्दल शाळेचं किंवा ज्युनिअर कॉलेजचं लेखी उत्तर. व्यवहारात बहुतेक मुलांचं इथलं एक वर्ष पुढे ढकललं जातं. जेईई, नीटचे क्लास आधीच भरलेले असतील तर घरात हा वाद निवडीआधी मिटवा.

व्हिसा आणि लसी

निवडीनंतर कार्यक्रमाकडून डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म येतो, त्याच्या आधारे डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मुलांची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात, वांद्रे-कुर्ला संकुलात. डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून जे-१ व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. गंमत म्हणून उघडलेलं दुसरं इन्स्टाग्राम खातंही त्यात आलं.

तिकडच्या शाळा लसींची नोंद पाहिल्याशिवाय वर्गात बसवत नाहीत. आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात कांजिण्यांची लस नाही, तिचे डोस खाजगीत घ्यावे लागतात आणि दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून वेळ काढून ठेवा. बीसीजी घेतलेल्या मुलांची क्षयरोगाची त्वचाचाचणी उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना रक्तातून होणाऱ्या चाचणीबद्दल विचारा.

कोणत्या राज्यात, कोणत्या घरात जायचं हे मुलाला निवडता येत नाही. यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं नियमाने बंधनकारक आहे आणि स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला मुलाशी संपर्क ठेवायचा असतो. घरच्यांना हे सांगितलं की आजीची काळजी निम्मी होते. गाडी चालवायला मात्र मुलाला मनाई असते, यजमानांनी किल्ली दिली तरी.

परत आल्यावर

सरकारी पैशावरच्या जे-१ व्हिसाला अमेरिकी कायद्याचं कलम २१२(ई) लागू होतं. कार्यक्रम संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच किंवा एल प्रकारचा कामाचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. पुढे शिकायला विद्यार्थी व्हिसावर जाण्याला त्याने आडकाठी येत नाही, पण ती दोन वर्षं डोक्यावर राहतातच.

प्रकल्पाच्या बाबतीत मुलं एका ठिकाणी हमखास अडकतात. तिकडचं कुटुंब, चर्च किंवा शाळा कौतुकाने म्हणतं, 'आम्ही पैसे गोळा करून पाठवतो.' हो म्हणण्याआधी थांबा. सामाजिक किंवा शैक्षणिक कामासाठी परदेशातून पैसे घ्यायचे तर २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. वस्तूही यात मोडतात. यजमान आई कितीही जीव लावत असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती नातेवाईक नाही. मुलाच्या किंवा वडिलांच्या बचत खात्यात पैसे मागवणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

त्यामुळे पहिला प्रकल्प बिनपैशाचा किंवा गावातल्या पैशाचा आखा. जिल्हा परिषदेच्या शाळेत काही करायचं तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना आधी भेटा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा खरी मंजुरी त्यांची. कॉलेजात प्रवेश घेतला की राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर यात तुमचा प्रकल्प बसवता येतो आणि वीस-तीस हात आयते मिळतात.

स्वतःची संस्था काढायची घाई करू नका. १८ पूर्ण होईपर्यंत विश्वस्त होता येत नाही, आणि झालं तरी धर्मादाय आयुक्तांकडच्या फेऱ्या बारावीच्या वर्षात परवडत नाहीत. त्यापेक्षा गावातलं वाचनालय, बचत गटांचा महासंघ, तालीम, जे आधीपासून चालू आहे ते शोधा. निघण्याआधीच त्यांच्याकडे जाऊन विचारा की वर्षभराने मी परत आलो तर मला कामात घ्याल का. ते हो म्हणाले तर त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या आणि ते पत्र अर्जाला जोडा.