"मेडिकलवाला फक्त स्ट्रिप कापून देतो" म्हणे!

नागपुरात सीताबर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत कुठंही विचारा, लोक हेच सांगतात की किडनीच्या पेशंटला डॉक्टर आणि डायलिसिस पाहिजे, मेडिकलवाला काय, चिठ्ठी पाहून गोळ्या देतो, त्याचा फायदा काय मोजता? चूक आहे भाऊ, मोजता येतो आणि मोजतात पण.

बघा, किडनीच्या पेशंटची शुगरची चिठ्ठी वेगळी, बीपीची वेगळी, वरून गुडघा दुखला की स्वतःच्या मनानं डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी, आणि तीच गोळी किडनी आणखी खराब करते. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, 30 च्या खाली गेला की शुगरची मेटफॉर्मिन बंद करायची असते. फॉस्फेट कमी करायची सेवेलॅमर जेवणासोबतच घ्यायची, कारण ती अन्नातलं फॉस्फेट पोटातच धरून ठेवते, उपाशीपोटी घेतली तर महागडी गोळी वाया. ट्रेन्ड फार्मासिस्ट सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून हेच बघतो.

मग मोजायचं काय? चुकीचे डोस किती पकडले, त्यातले डॉक्टरांनी किती बदलले, बीपी, हिमोग्लोबिन, फॉस्फेट सुधारलं का, अॅडमिट किती वेळा झाले. सल्ला मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट करून तुलना करतात. हां, उलटी अफवा पण नको, फार्मासिस्टमुळे डायलिसिस टळतंच असं काही नाही. डोसच्या चुका पकडण्याचा पुरावा बरा आहे, आयुष्य वाढल्याचा अजून कच्चा.

आपल्याकडे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलंच आहे (संध्याकाळच्या गर्दीत कोण सांगतो ते सोडा). फक्त विचारताना क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट दाखवा, त्याशिवाय त्याला पण डोस बरोबर आहे का ते कळणार नाही.