अळंबी भाजीच्या टोपलीत असते, म्हणून ती झाड ठरत नाही

‘अळंबी म्हणजे हरितद्रव्य नसलेली वनस्पती’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घोकलंय. ते चूक आहे. १९६९ साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी सजीवांच्या पाच सृष्टींच्या (मोठ्या गटांच्या) वर्गीकरणात बुरशीला (अळंबी तिच्यातलीच) वनस्पतींपासून वेगळं काढलं. समज मात्र तसाच राहिला.

वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन. कोळंबी सोलताना जे कवच हाताला लागतं, त्यातलंच हे द्रव्य! साठवणही पिष्टाची नव्हे, ग्लायकोजेनची, आपल्या यकृतात असते तशी. जनुकं तपासली तर बुरशीचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं निघतं. फरक जेवणाच्या रीतीत. प्राणी गिळून पचवतो. बुरशी आधी पाचकरस बाहेर सोडते, मग विरघळलेलं शोषून घेते. शिळ्या पावावरचा हिरवा डाग खरवडून उरलेला पाव खाऊ नये तो म्हणूनच. बुरशीचे धाग्यासारखे तंतू पावात आत पोचलेले असतात.

जीवाणूंशीही तिची गल्लत होते. जीवाणूच्या पेशीत केंद्रक नसतं, बुरशीच्या असतं. पेशीची घडणच अशी वेगळी, त्यामुळे जीवाणू मारणाऱ्या गोळ्यांनी बुरशीमुळे होणारं गजकर्ण जात नाही. शिवाय बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या बरीच जवळची. तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही, असं औषध शोधणं जास्त जिकिरीचं.