ईशापूरची ७.६२ रायफल आणि पुन्हा भरलेल्या काडतुसांचा वाद : पार्श्वभूमी

परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने आपल्याकडे गुन्हा आहे. त्यामुळे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारे धातूचे नळकांडे, पुन्हा भरून जुन्या लष्करी रायफलीचा नेम सुधारण्याचा छंद मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात वाढला. मात्र या छंदातला एक फार चिवट वाद ज्या रायफलीवरून आहे, ती बंगालमधल्या ईशापूरची आहे. बाजारातले .३०८ काडतूस त्या ७.६२ मिमी रायफलीत चालवावे का, हा तो वाद.

पुंगळी पुन्हा भरणे एकोणिसाव्या शतकात धातूच्या काडतुसाबरोबरच सुरू झाले. पुढे दोन प्रकारचे प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या तळाशी बसून दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या, रूढ झाले. ब्रिटिश माणसाने शोधलेला अमेरिकेत टिकला आणि अमेरिकी माणसाने शोधलेला युरोपात. पहिल्या प्रकारात पुंगळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असते, वापरलेला प्रायमर साध्या सुईने बाहेर पडतो. अमेरिकेत हा छंद घरोघरी पोचला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

ब्रिटिश सैन्याचे .३०३ इंची काडतूस १८८८ मध्ये आले, टोकदार गोळीचे सातवे रूप १९१० मध्ये. महायुद्धांच्या काळात चिखलाने माखलेले काडतूसही अडकू नये म्हणून .३०३ रायफलीचे चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते ती जागा, ऐसपैस ठेवले जाई. काडतूस तळाच्या कडेवर टेकते, त्यामुळे पुढची ढिलाई सैन्याला खटकली नाही. एकदा झाडून टाकायच्या पुंगळीचे काय होते, याची फिकीर सैन्याने का करावी? पुन्हा भरणाऱ्याला मात्र ती करावी लागली. चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचे, म्हणजे बोल्टचे, अडसर मागच्या बाजूला असल्याने बार उडताना थोडी लवचिकता येते, पुंगळी ताणली जाते आणि काही फेऱ्यांत तळापासून तुटते. त्यावर तोडगा निघाला तो असा : पूर्ण पुंगळी साच्यात न दाबता फक्त गोळी धरणारी मान आवळायची आणि ती पुंगळी त्याच रायफलीसाठी राखून ठेवायची. शिवाय नळीच्या खाचांचा व्यास रायफलीगणिक .३११ पासून .३१५ इंचाच्याही पुढे जाई. नळी मोजून जुळणारी गोळी निवडली की ‘झिजलेली’ म्हणून हिणवलेली रायफलही नीट मारा करू लागे. अशा कित्येक रायफली नाहक बदनाम झाल्या, असे माझे मत आहे.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने लष्करी रायफलींची आयात बंद झाली. १९८०च्या दशकात जुन्या, संग्रहयोग्य शस्त्रांसाठी दार पुन्हा उघडले आणि त्यानंतरच्या वर्षांत ईशापूरच्या २ए आणि २ए१ रायफली, म्हणजे या ७.६२ रायफलीची दोन रूपे, तिकडे पोचल्या.

या रायफली १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या. नव्या स्वयंभरित रायफलीचेच ७.६२ × ५१ काडतूस राखीव रायफलीतही चालावे, हा हेतू होता. जुन्या .३०३ ची नळी बदलून त्या बनवल्या, हा समज आजही पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. त्या .३०३ च्याच आराखड्यावर, अधिक मजबूत पोलादात नव्याने घडवल्या गेल्या.

वाद असा : बाजारात मिळणारे .३०८ विंचेस्टर काडतूस आकाराने जवळजवळ तेच आहे, मग ते यात चालवावे का? ‘नको’ म्हणणारे दोन आकडे पुढे करतात. लष्करी काडतुसाच्या दाबाची मर्यादा ५०,००० पौंड आणि .३०८ ची ६२,०००, दोन्ही दर चौरस इंचाला. बारा हजारांचा फरक कोणालाही घाबरवेल. पण हे आकडे एका मापाचे नाहीत. पहिला तांब्याच्या तुकड्याचा : दाबाने तांबे किती चेपले ते मोजून तक्त्यावरून आकडा काढायचा. तांबे सावकाश चेपते, क्षणिक शिखर त्यात पूर्ण उमटत नाही. दुसरा आकडा दाबविद्युत स्फटिकाचा, जो ते शिखर टिपतो. तांब्याच्याच मापाने .३०८ ची मर्यादा ५२,००० आहे. म्हणजे खरा फरक दोन हजारांचा. जुन्या लष्करी कागदांत तांब्याच्या आकड्यापुढे थेट ‘पौंड’ लिहिले गेले आणि ती चूक वर्षानुवर्षे पुढे उतरवली गेली.

म्हणून काही सावधगिरी अनाठायी ठरत नाही, फक्त तिचे खरे कारण वेगळे आहे. लष्करी चेंबर जाणीवपूर्वक लांब असते आणि त्याची लांबी तपासण्याची मापे (गेज) ही वेगळी. बाजारू काडतुसाची पुंगळी तुलनेने पातळ, ती लांब चेंबरमध्ये जास्त ताणली जाते. उलट लष्करी पुंगळीची भिंत जाड, आतली जागा कमी, म्हणून तेवढीच दारू तिच्यात अधिक दाब निर्माण करते. एका पुंगळीसाठी छापलेले दारूचे माप दुसरीत वापरणे हा धोका .३०८ आणि ७.६२ या नावांच्या वादापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्यावर फार कमी लिहिले जाते.

जाणते लोक या रायफलीसाठी दाब कमीच ठेवतात. मागचे अडसर आणि मूळचा .३०३ चा आराखडा पाहता ते योग्यच आहे. आणि त्यात नेमाचे नुकसानही सहसा होत नाही, कारण लक्ष्यावर गोळ्यांचा सर्वात घट्ट गट बहुधा कमाल वेगाच्या बराच खाली मिळतो.