गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडू नका

"गुडघ्यातलं वंगण संपलंय. चालणं कमी करा, आंबट बंद करा." कोकणात साठी ओलांडलेल्या बायकांना हा सल्ला घरोघरी मिळतो. आंबटाने गुडघा झिजतो याला आधार नाही, सोलकढी खुशाल प्या. चालणं सोडणं मात्र खरोखर नुकसान करतं.

हाडांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत, लवचिक थर असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी सांध्यातल्या द्रवावर जगतात. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्यात ॲग्रेकन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे अवाढव्य रेणू अडकलेले असतात. त्यांचा ऋण विद्युतभार सोडियमचे आयन (धन भाराचे कण) ओढतो, आयनांमागून पाणी येतं आणि कूर्चा फुगू पाहते. जाळं तिला आवरून धरतं. पाऊल टेकलं की किंचित पाणी बाहेर पडतं, उचललं की परत आत येतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. प्रयोगशाळेत कूर्चेचा तुकडा सतत दाबून ठेवला, तर पेशी ॲग्रेकन बनवणं मंदावतात. सेकंदाला एकदा दाबून सोडला, तर वाढवतात. चालताना एका पायाची लय साधारण हीच! पेशींच्या आवरणात दाब ओळखणाऱ्या वाहिन्या, म्हणजे आयन आत-बाहेर सोडणारी सूक्ष्म दारं असतात. त्यांतल्या पिएझो वाहिन्या मुख्यतः इजा करू शकणारा जोराचा दाब ओळखतात. पिएझो वाहिन्या शोधणारे शास्त्रज्ञ आर्डेम पटापुटियन यांना 2021 साली नोबेल मिळालं.

झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही. दुखणं मात्र कमी होतं, काही अंशी मांडीचा स्नायू बळकट झाल्याने. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरा, हात न टेकता उठा-बसा करा. थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल, तर प्रमाण कमी करा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. विळीवर तासन्‌तास बसणं टाळा.

वजन जास्त असेल, तर एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. जाहिरातीतलं तेल कूर्चेपर्यंत पोचत नाही. गुडघेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही 2006 सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीहून सरस ठरल्या नाहीत. ते पैसे बांगड्यावर खर्च करा. भाताचा एक डाव कमी घ्या, कुळथाची पिठी दाट करा आणि बांगडा तळण्याऐवजी तिरफळं घालून त्याचं तिखलं करा. स्नायूला लागणारी प्रथिनं त्यातून मिळतील.