मुरुम आठवड्याचा, डाग महिन्यांचा

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला मुरुमापेक्षा त्याचा डागच जास्त छळतो. मुरुम आठ-दहा दिवसांत बसतो, पण त्याच्या जागी उरलेला तपकिरी ठिपका महिनोन्‌महिने हलत नाही. तो घालवायच्या घाईत आपल्याकडे मुलामुलींच्या चेहऱ्याचं जे नुकसान होतं, ते पुष्कळदा मूळ मुरुमानेही केलं नसतं.

वयात येताना मुलगा असो की मुलगी, अँड्रोजेन गटातली संप्रेरकं वाढतात. चेहरा, छाती आणि पाठीवरच्या तेलग्रंथी त्यांना लगेच प्रतिसाद देऊन जास्त तेल तयार करू लागतात. त्याच वेळी केसाच्या बारीक नळीच्या तोंडाशी मेलेल्या पेशी गळून पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात. एरवीही ते आपल्या सर्वांच्या त्वचेवर असतातच. मग प्रतिकारयंत्रणा धावून येते आणि लाल, दुखरा, कधी पू धरलेला फोड दिसू लागतो. बूच बसायला सुरुवात मात्र कित्येक आठवडे आधीच झालेली असते.

ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो. नळीचं तोंड उघडं राहिल्याने आतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि हवा लागलेल्या तेलाचा तो रंग असतो. म्हणून दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड घासून मुरुम जात नाहीत, त्वचा कोरडी होऊन चिडते मात्र. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश पुरे. ‘तू तोंडच नीट धूत नाहीस’ हे घरातलं बोलणं थांबायला हवं. ते खरं नाही, आणि त्या वयात फार लागतं.

खाण्याचा संबंध आहे, पण सांगितला जातो तेवढा सरळ नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांपैकी ज्यांनी 12 आठवडे रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेतला, त्यांचे मुरुम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कशाला द्यायचं हा प्रश्न उरतो. तरी कोल्ड्रिंक, बिस्किटं आणि मैदा कमी करून बघायला हरकत नाही. कपाळावरच मुरुम येत असतील, तर केसांना चोपडलेलं तेल तिथे उतरतंय का, हेही पाहा.

उपचारात दोन औषधं पायाची आहेत. ॲडापलीन 0.1 टक्के नळीच्या तोंडाशी बूच बसू देत नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं जेल फक्त मुरुमावर नव्हे तर संपूर्ण चेहऱ्याला लावायचं. बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जिवाणू मारतं. 5 किंवा 10 टक्क्यांचं घेऊन गुण वाढतो असं नाही, आग मात्र वाढते. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा घ्यावा, कारण रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. नुसतं क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचं जेल महिनोन्‌महिने लावणं टाळावं. जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडची जोड असेल तर हा धोका घटतो. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते, कधी मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी दिसतो, आणि बहुतेक मुलं त्याआधीच कंटाळून सोडून देतात.

इथेच ती ट्यूब येते. मैत्रिणीने सांगितलेली, मेडिकलमध्ये सहज मिळालेली, चार दिवसांत चेहरा उजळणारी. तिच्यात रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ॲडापलीनच्या गटातलं ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन असतं. अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1975 साली मांडलेल्या सूत्राची ती भारतीय आवृत्ती आहे. ते सूत्र मर्यादित काळासाठी, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं औषध होतं. मोमेटासोन हे जोरकस स्टेरॉइड आहे. ते लालसरपणा दाबतं आणि रंग फिका करतं, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि मुरुम पुन्हा उसळतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून परत तीच ट्यूब. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या 12 केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेली नावं विकत घेण्याआधी वाचा. संपूर्ण लेखातली एवढी एकच गोष्ट घराघरांत पोचली तरी मला पुरे आहे. जे आधीच वापरत असतील, त्यांनी लाजू नये. डॉक्टरांना ट्यूब दाखवून ती कशी सोडायची ते विचारावं.

आता डाग. दाह झाला की त्वचेतल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवतात. ते वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि थर बदलत जातो तसा विरतो. ते खाली झिरपलं तर करडा-निळसर दिसतो आणि फार चिवट असतो. मुरुम फोडला, दाबला की दाह खोल जातो आणि डागही. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी होणारी जळजळ म्हणजे नवा दाहच, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे काळे चट्टे पडू शकतात.

डागांवरचा पहिला उपाय सनस्क्रीन. ऊन लागत राहिलं तर बाकी सगळं वाया जातं. आपल्या त्वचेला नुसती अतिनील किरणंच नाही, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवतो. म्हणून लोहाचं ऑक्साइड असलेलं, हलक्या रंगछटेचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. सोबत ॲझेलाइक ॲसिड घेता येतं. ते मुरुम आणि डाग या दोन्हींवर चालतं. ॲडापलीनही डाग फिके करतं, त्यामुळे मुरुम थांबल्यावर ते लगेच टाकू नये. गर्भारपणात मात्र ॲडापलीन नको.

बोट फिरवल्यावर खड्डा लागत असेल तर तो डाग नव्हे, व्रण आहे. तिथे रंग नाही, त्वचेला आतून आधार देणारं कोलॅजनच कमी झालेलं असतं आणि कोणतंही क्रीम ते भरून काढत नाही. मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), लेसर, खालचे ताणलेले धागे सुईने सोडवणं अशा उपायांनी खड्डे उथळ होतात, पूर्ण सपाट क्वचितच. म्हणून दुखऱ्या, खोल गाठी येत असतील, घरात कुणाला खड्डे असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर जाड केस येत असतील, तर मलमाचा गुण यायची तीन महिने वाट पाहत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. खोल गाठींवर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या फार गुणकारी आहेत, पण गर्भाला त्यांनी गंभीर व्यंग येऊ शकतं. त्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच, रक्ततपासणी करून घ्यायच्या.