विमानाच्या उशिराला पैसे कधीपासून मिळू लागले?

मुंबईहून फ्रँकफर्टला निघालेले विमान पाच तास उशिरा पोहोचले आणि ते युरोपीय कंपनीचे असले, तर प्रत्येक प्रवाशाला ६०० युरो मागता येतात. तिकीट स्वस्तात मिळाले होते की महाग, याने काही फरक पडत नाही. त्याच दिवशी मुंबईहून दिल्लीला निघणारे विमान पाच तास रखडले, तर नियमाप्रमाणे पदरात पडते ते फक्त खाणे-पिणे. दोन्हीकडचे नियम शेजारी ठेवून वाचले तर मांडणी मात्र सारखीच दिसते: विमानात चढू न देणे, उड्डाण रद्द होणे आणि उशीर होणे. इतकेच काय, उशिरासाठी रोख भरपाई युरोपच्या नियमातही लिहिलेली नाही. ती न्यायालयाने दिली. आज दावा नाकारताना कंपन्या जी कारणे पुढे करतात, ती जवळपास सगळी या इतिहासातूनच आलेली आहेत.

सुरुवात १९२९ची. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा पहिला मोठा करार झाला. त्याचे कलम १९ अगदी छोटे आहे: प्रवासी, सामान किंवा माल यांच्या वाहतुकीत उशीर झाल्यामुळे जे नुकसान होईल, त्याला वाहक, म्हणजे विमान कंपनी, जबाबदार. पण पुढच्याच कलमात वाहकाला वाट ठेवली होती. नुकसान टाळण्यासाठी आवश्यक ते सारे उपाय केले होते, हे दाखवले की तो सुटला. भारतात हा करार १९३४च्या कायद्याने आला आणि नंतर १९७२च्या हवाई वाहतूक कायद्यात गेला. २८ मे १९९९ रोजी माँट्रियल करार झाला, त्याने वॉर्साची जागा घेतली. भारत त्यात २००९ साली सामील झाला.

माँट्रियल करारातही उशिराचे कलम १९च आहे आणि वाहकाची सुटकाही तशीच आहे. मर्यादा तेवढी वाढत गेली. मुळात ती प्रत्येक प्रवाशामागे ४,१५० एसडीआर होती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. २८ डिसेंबर २०२४पासून मर्यादा ६,३०३ एसडीआर आहे, म्हणजे साधारण सात लाख रुपये. हा आकडा वाचून अनेकांचा गैरसमज होतो. ही रक्कम मिळेलच असे नसते, फक्त तिच्या वर मिळत नसते. जेवढे नुकसान कागदावर सिद्ध होईल तेवढेच हाती येते: चुकलेल्या पुढच्या विमानाचे नवे तिकीट, हॉटेलचे बिल, टॅक्सीची पावती. दहा तास खुर्चीत काढले, पण खर्च काही झाला नाही, तर या करारातून फारसे काही निघत नाही. दावा विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात गेला पाहिजे. कंपनीशी ईमेलवर चाललेला पत्रव्यवहार ही मुदत थांबवत नाही. कित्येक चांगले दावे इथेच बुडतात.

ठरावीक रकमेची कल्पना वेगळ्याच वाटेने आली आणि तिचा उशिराशी संबंध नव्हता. खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटे विकण्याची पद्धत विमान कंपन्यांत जुनी आहे. एप्रिल १९७२मध्ये अमेरिकेत ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना तिकीट असूनही विमानात घेतले गेले नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर अमेरिकी नियामकाने आधी स्वेच्छेने जागा सोडणारे शोधण्याची सक्ती केली. युरोपने १९९१च्या नियम २९५ने दर ठरवले: विमानात घेतले नाही तर ३,५०० किलोमीटरपर्यंत १५० एक्यू आणि त्यापुढे ३००. एक्यू म्हणजे युरोच्या आधीचे हिशेबाचे चलन. यातला खरा बदल रकमेत नव्हता. युरोपात प्रवाशाला प्रथमच नुकसान सिद्ध करावे लागणार नव्हते. अंतर मोजा आणि पैसे द्या.

११ फेब्रुवारी २००४चा नियम २६१ हा त्याचाच विस्तार आहे. तो १७ फेब्रुवारी २००५पासून लागू झाला. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या अंतरांना ४०० आणि युरोपबाहेरच्या ३,५०० किलोमीटरहून लांब उड्डाणांना ६००. विमानात न घेण्याबरोबर आता उड्डाण रद्द होण्यालाही भरपाई होती. उशिराचे कलम सहा मात्र वाचून पाहा. त्यात जेवण आहे, फोन आहे, रात्र काढावी लागली तर हॉटेल आहे, पाच तासांनंतर तिकिटाचे पैसे परत आहेत. ठरावीक भरपाईचा उल्लेख नाही.

मग कंपन्यांनी जे व्हायचे तेच केले. रद्द म्हटले तर ६०० युरो, उशीर म्हटले तर सँडविच. पंचवीस तासांनी निघालेले विमानही ‘उशिराचे’ ठरू लागले. जुलै २००५मध्ये काँडोर कंपनीचे टोरांटो-फ्रँकफर्ट विमान ९ तारखेला दुपारी निघायचे होते. उड्डाण रद्द झाल्याचे प्रवाशांना सांगितले गेले, सामान परत दिले गेले, रात्र हॉटेलात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच उड्डाण क्रमांकाने नेले आणि ११ तारखेला सकाळी ते फ्रँकफर्टला उतरले. कंपनीचे म्हणणे, हा उशीर होता. स्टर्जन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १९ नोव्हेंबर २००९ रोजी निकाल दिला.

कंपनीची व्याख्या न्यायालयाने मान्य केली: मूळ नियोजन सोडून प्रवाशांना दुसऱ्या उड्डाणात हलवले नसेल तर तो उशीरच, मग तो कितीही मोठा असो. पण पुढचा प्रश्न त्याने असा विचारला की दोन्ही प्रवाशांनी गमावले काय? वेळ. तो गेला की परत मिळत नाही. रद्द झालेल्या उड्डाणाच्या प्रवाशाला ऐनवेळी पर्यायी विमान दिले, तर ते मूळ वेळेच्या फार तर एक तास आधी निघावे आणि दोन तासांपेक्षा कमी उशिरा पोहोचावे, तरच भरपाई टळते, असे कलम पाच सांगते. एक आणि दोन मिळून तीन. म्हणजे तीन तास गमावलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते, तर तेवढेच तास उशिरात गमावलेल्याला का नाही? आज सगळीकडे सांगितला जाणारा ‘तीन तासांचा नियम’ या बेरजेतून आला आहे. नियम २६१मध्ये तो शोधून सापडणार नाही.

कंपन्यांना हे पटले नाही. न्यायालय कायदा लिहू लागले, ही त्यांची तक्रार होती आणि अक्षरशः पाहिले तर तिच्यात तथ्यही होते. पण पंचवीस तासांचा ‘उशीर’ फुकट सुटू देणारा अर्थ प्रवाशाच्या संरक्षणासाठी केलेल्या नियमाला शोभणारा नव्हता. २३ ऑक्टोबर २०१२ रोजी नेल्सन खटल्यात मोठ्या पीठाने स्टर्जनचा निकाल कायम केला.

त्यानंतर भांडण मिनिटांवर आले. मे २०१२मध्ये जर्मनविंग्जचे साल्झबुर्ग-कोलोन विमान दुपारी २.४०ला पोहोचायचे होते. चाके धावपट्टीला लागली ५.३८ला, विमान जागेवर उभे राहिले ५.४३ला. पहिल्या हिशेबाने उशीर २ तास ५८ मिनिटे, दुसऱ्याने ३ तास ३ मिनिटे. न्यायालयाने २०१४ साली सांगितले की पोहोचण्याची वेळ म्हणजे विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरता येते तो क्षण, कारण तोवर प्रवासी बंदिस्तच असतो. म्हणून दार उघडताच फोनवर घड्याळासह एक फोटो काढून ठेवावा. कंपनीच्या नोंदीत अनेकदा धावपट्टीला टेकल्याची वेळ दाखवली जाते.

दुसरी लढाई ‘असाधारण परिस्थिती’ या शब्दांवर झाली. अशी परिस्थिती होती आणि योग्य ते सारे उपाय करूनही उशीर टळला नसता, हे कंपनीने सिद्ध केले तर भरपाई द्यावी लागत नाही. सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर आहे. २००८च्या वॉलेंटिन-हर्मन निकालापासून तांत्रिक बिघाड हा सहसा असाधारण मानला जात नाही. २०१५ साली निकाल लागलेल्या प्रकरणात केएलएमचे कीटो-ॲमस्टरडॅम विमान २९ तास उशिरा पोहोचले होते. इंधनाचा पंप आणि आणखी एक भाग बिघडला होता, सुटे भाग ॲमस्टरडॅमहून आणावे लागले, आणि त्या भागांचे सरासरी आयुष्य संपलेलेही नव्हते. तरीही न्यायालय म्हणाले, यंत्र बिघडणे हा विमान चालवण्याच्या धंद्याचाच भाग आहे. पक्षी धडकणे मात्र २०१७च्या निकालाप्रमाणे असाधारण. दाट धुके, हवाई नियंत्रण कक्षाचे निर्बंध हेही बहुधा असाधारण ठरतात. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप तसा नाही. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटनंतर हेच नियम २२०, ३५० आणि ५२० पौंडांच्या दराने चालू आहेत आणि वैमानिक आजारी पडणे असाधारण नव्हे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये ठरवले. म्हणून ‘ऑपरेशनल कारण’ एवढेच उत्तर आले तर थांबू नये. नेमके काय बिघडले, केव्हा कळले आणि पर्यायी विमान का आणले नाही, हे लेखी विचारावे.

आपल्याकडून जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक दिशेबद्दल होते. युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला नियम २६१ लागू आहे, कंपनी कुठलीही असो. भारतातून युरोपला जाताना मात्र प्रत्यक्ष उडवणारी कंपनी युरोपीय असावी लागते. ‘प्रत्यक्ष उडवणारी’ हे महत्त्वाचे. तिकिटावर युरोपीय कंपनीचा क्रमांक, पण विमान भारतीय कंपनीचे असेल, तर दावा बसत नाही. एकाच बुकिंगवर पॅरिस-दुबई-मुंबई असा प्रवास असेल आणि मुंबईला तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर मधला टप्पा युरोपबाहेरचा असूनही दावा बसतो. मुंबई-दुबई-पॅरिस आखाती कंपनीने केला तर नाही. लांब पल्ल्यात उशीर तीन ते चार तासांच्या मधला असेल तर ६००चे ३०० होतात. तिकीट नोकरीच्या कंपनीने काढले असले, जसे पुण्यातल्या आयटी कंपन्यांतून परदेशी पाठवल्या जाणाऱ्यांचे असते, तरी हक्क प्रवाशाचाच.

अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फॉर्मवर करावा. पीएनआर, उड्डाण क्रमांक, तारीख, ठरलेली आणि दार उघडल्याची वेळ, प्रत्येक प्रवाशाचे नाव, नियम २६१/२००४ आणि मागितलेली रक्कम एवढे पुरते. फॉर्म बहुधा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, मागतो. भारतीय खात्याला आयबॅन नसतो, तेव्हा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड वेगळ्या संदेशात लिहून द्यावा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. पैशांऐवजी व्हाउचर प्रवाशाच्या सहीच्या संमतीशिवाय देता येत नाही. मुदत देशागणिक वेगळी: जर्मनीत वर्षअखेरीपासून तीन वर्षे, इंग्लंडमध्ये सहा, नेदरलँड्समध्ये दोन.

आता भारत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑगस्ट २०१०मध्ये प्रवाशांच्या सोयींचे नियम काढले. स्टर्जन निकालाला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. विमानात न घेतल्यास एकेरी मूळ भाडे आणि इंधन अधिभाराच्या चारपट, कमाल २०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. पर्यायी विमान २४ तासांच्या आत निघाले तर दुप्पट, कमाल १०,०००. ऐनवेळी रद्द केल्यास उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतले जे कमी असेल ते. उशिराला रोख काही नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, पाच तासांपर्यंतच्याला तीन तास आणि त्याहून लांबच्याला चार तास उशीर झाला की खाणे-पिणे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत. चोवीस तासांहून अधिक उशिराला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानच्या उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर झाला तर, हॉटेल. इथली सूटही युरोपपेक्षा सैल आहे: संप आणि कामगार तंटे सरळ असाधारण कारणांच्या यादीत आहेत. आणखी एक अट सहज विसरली जाते. संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर रद्द झाल्याची भरपाई मिळत नाही. एजंटने बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला असेल तर तो आधीच बदलून घ्यावा.

आपल्याकडे स्टर्जनसारखा निकाल आलेला नाही. डिसेंबर २००७मध्ये दिल्लीच्या धुक्यात अडकलेल्या हैदराबादच्या विमानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११च्या निकालात भरपाई रद्द झाली, पण स्वस्त तिकिटाची कंपनी असली तरी अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय पाहिलीच पाहिजे, हे न्यायालयाने नोंदवले. म्हणून देशांतर्गत उशिराची भरपाई सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडेच मागावी लागते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात मागता येते, मुदत दोन वर्षे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे, मग एअरसेवा पोर्टल किंवा १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग आयोग. सोबत उशिराचे सगळे एसएमएस तारीखवार लावावेत. एखाद्या एसएमएसमध्ये ‘रद्द’ हा शब्द असेल किंवा उड्डाण क्रमांक बदललेला असेल, तर प्रकरण उशिराचे नाही, असे म्हणून डीजीसीएचे ठरावीक दर मागता येतात.

युरोपमध्येही तीन तास अजून दगडावरची रेघ नाहीत. युरोपीय आयोगाने २०१३ साली बदल सुचवले, ते अनेक वर्षे अडकून पडले. जून २०२५मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ३,५०० किलोमीटरपर्यंत चार तासांनंतर ३०० युरो आणि त्यापुढे सहा तासांनंतर ५०० युरो अशी भूमिका घेतली. युरोपीय संसदेने मात्र तीन तासांचाच आग्रह धरला आहे.